डोनाल्ड मॅके, अकरावे लॉर्ड रे

डोनाल्ड जेम्स मॅके, अकरावे लॉर्ड रे (२२ डिसेंबर १८३९ – १ ऑगस्ट १९२१) हे स्कॉटिश वंशाचे डच उमराव, नेदरलँड्सच्या संसदेचे सदस्य आणि पुढे ब्रिटिश प्रशासक होते. १८८५ ते १८९० या काळात ते मुंबई प्रांताचे गव्हर्नर होते. महाराष्ट्रात ते 'लॉर्ड रे' या नावाने ओळखले जातात. क्रॉफर्ड प्रकरण त्यांच्याच कारकिर्दीत घडले. मुंबईतील रे रोड या रस्त्याला व रेल्वे स्थानकाला त्यांचेच नाव आहे.

घराणे

मॅके हे स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेकडील एक जुने कुळ होय. या कुळाचे प्रमुख डोनाल्ड मॅके यांना १६२८ मध्ये राजा पहिला चार्ल्स याने 'लॉर्ड रे' हा किताब दिला. दुसऱ्या लॉर्ड रे यांचे धाकटे पुत्र एनियस मॅके हे डच सरकारच्या सेवेतील स्कॉटिश ब्रिगेडमध्ये सेनाधिकारी होते. त्यांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या डच सैन्यात राहिले, डच घराण्यांशी त्यांचे विवाहसंबंध जुळले आणि ही शाखा नेदरलँड्समध्येच स्थायिक झाली. १८२२ मध्ये बार्थोल्ड मॅके यांना नेदरलँड्सचे बॅरनपद मिळाले. गेल्डरलँड प्रांतातील ओफेमर्ट येथील गढी या शाखेकडे होती.

स्कॉटलंडमधील थोरल्या शाखेची स्थिती मात्र खालावत गेली. सातव्या लॉर्ड रे यांनी १८२९ मध्ये घराण्याची वडिलोपार्जित जमीन सदरलँड घराण्याला विकली. नववे लॉर्ड रे १८७५ मध्ये अविवाहित वारले, तेव्हा थोरली शाखा संपुष्टात आली. जमिनीविना उरलेला हा किताब डच शाखेतील बॅरन एनियस मॅके यांच्याकडे गेला. ते बार्थोल्ड यांचे पुत्र असून नेदरलँड्सच्या राज्य परिषदेचे उपाध्यक्ष होते. डोनाल्ड हे त्यांचे पुत्र होत.

शिक्षण व नेदरलँड्समधील कार्य

डोनाल्ड मॅके यांचा जन्म द हेग येथे झाला. त्यांच्या आई मारिया या फागेल या प्रतिष्ठित डच घराण्यातील होत्या. लायडेन विद्यापीठातून त्यांनी १८६१ मध्ये कायद्याची डॉक्टरेट मिळवली. १८७१ मध्ये ते डच संसदेच्या कनिष्ठ सभागृहावर निवडून आले. १८७५ मध्ये त्यांनी सदस्यत्व सोडले व ते ब्रिटनला गेले. १८७६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर ते अकरावे लॉर्ड रे झाले आणि १८७७ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले. त्याच वर्षी त्यांचा फॅनी मिचेल यांच्याशी विवाह झाला. या दांपत्याला अपत्य नव्हते. १८८१ मध्ये त्यांना 'बॅरन रे ऑफ डर्नेस' हा नवा किताब मिळाला. डर्नेस हा घराण्याच्या गमावलेल्या मुलुखाचाच एक भाग होता.

मुंबईचे गव्हर्नर

सर जेम्स फर्ग्युसन यांच्यानंतर मार्च १८८५ मध्ये रे यांनी मुंबईच्या गव्हर्नरपदाची सूत्रे हाती घेतली. त्यांच्या काळात दादाभाई नौरोजी व महादेव गोविंद रानडे यांची प्रांतिक कायदे मंडळावर नेमणूक झाली. १८८६ मध्ये स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. तांत्रिक शिक्षणाबाबत रे विशेष आग्रही होते. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटला (आजचे व्हीजेटीआय) त्यांनी पाठबळ दिले. १८८८ चा मुंबई महापालिका कायदाही याच काळातील आहे.

क्रॉफर्ड प्रकरण

आर्थर क्रॉफर्ड हे पूर्वी मुंबईचे महापालिका आयुक्त होते. १८८८ मध्ये ते मध्य विभागाचे महसूल आयुक्त होते. पुणे, सोलापूर, सातारा, अहमदनगर, नाशिक व खानदेश हे जिल्हे या विभागात मोडत. मामलेदारांच्या बढत्या व बदल्या यांसाठी मध्यस्थामार्फत लाच घेतल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. क्रॉफर्ड वेषांतर करून पुण्याहून निसटले, परंतु मुंबईत पकडले गेले.

वरिष्ठ अधिकाऱ्याविरुद्ध साक्ष देण्यास कनिष्ठ नोकर धजावणार नाहीत, हे ओळखून रे सरकारने खरे सांगणाऱ्या मामलेदारांना अभय दिले. या आश्वासनावर विसंबून अनेकांनी आपण पैसे दिल्याचे कबूल केले. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने मात्र क्रॉफर्ड यांना लाचखोरीच्या आरोपातून मुक्त केले आणि हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याबद्दल दोषी ठरवले. रे सरकारला लाचेबाबतचा निष्कर्ष मान्य नव्हता. अखेर कर्जाच्या कारणावरून क्रॉफर्ड यांना सेवेतून दूर करण्यात आले.

त्यानंतर प्रश्न उरला तो कबुली देणाऱ्या मामलेदारांचा. लाच देणाऱ्यांना न्यायदानाच्या पदावर ठेवू नये, अशी मागणी ब्रिटनमध्ये झाली. रे यांनी दिलेला शब्द पाळण्याचा आग्रह धरला. १८८९ मध्ये कायदा करून या मामलेदारांना खटल्यांपासून संरक्षण मिळाले, तरी भारतमंत्र्यांच्या आदेशाने त्यांच्यापैकी काहींना नोकरी गमवावी लागली. सरकारने दिलेले वचन मोडले, असे म्हणत बाळ गंगाधर टिळकांनी मामलेदारांची बाजू घेतली व पुण्यात सभा भरवली. टिळकांच्या सार्वजनिक जीवनातील ही एक प्रारंभीची महत्त्वाची चळवळ होती.

उत्तरायुष्य

एप्रिल १८९० मध्ये रे यांची मुदत संपली व लॉर्ड हॅरिस गव्हर्नर झाले. रे १८९४–९५ मध्ये भारत खात्याचे उपमंत्री होते. १८९३ पासून मृत्यूपर्यंत ते रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्ष होते. लंडन स्कूल बोर्डाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. १९०२ मध्ये सनद मिळालेल्या ब्रिटिश अकादमीचे ते पहिले अध्यक्ष होत. १९०७ मध्ये द हेग येथील दुसऱ्या शांतता परिषदेला ते ब्रिटनचे प्रतिनिधी म्हणून, म्हणजे आपल्याच जन्मगावी, गेले. १ ऑगस्ट १९२१ रोजी स्कॉटलंडमधील कॅरोलसाइड येथे त्यांचे निधन झाले.

कुटुंब व वारसा

रे यांचे चुलत बंधू एनियस मॅके (१८३८–१९०९) हे १८८८ ते १८९१ या काळात नेदरलँड्सचे पंतप्रधान होते. त्यामुळे सुमारे दोन वर्षे एक भाऊ मुंबई प्रांताचा, तर दुसरा नेदरलँड्सचा कारभार पाहत होता. रे यांच्यानंतर लॉर्ड रे हा किताब नात्यातील एरिक मॅके यांच्याकडे गेला. ते त्याच वर्षी वारले आणि किताब डच शाखेतच पुढे चालू राहिला. तेराव्या लॉर्ड रे यांनी पुढे पुन्हा ब्रिटिश नागरिकत्व घेतले. या किताबाचे धारक मॅके कुळाचे प्रमुख मानले जातात.

पुण्यातील मंडई १८८६ मध्ये 'रे मार्केट' या नावाने सुरू झाली. ही खर्चिक इमारत बांधण्यास पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. आज ती महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. पुण्यातील लॉर्ड रे वस्तुसंग्रहालयालाही फुले यांचेच नाव देण्यात आले आहे आणि मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटचे अधिकृत नावही महात्मा जोतिबा फुले मंडई असेच आहे.