सामाजी, शमुवेल, सॅम्युअल : एका हिब्रू विशेषनामाची मराठी रूपे

मुंबईच्या मांडवी भागातील सॅम्युअल स्ट्रीट या रस्त्याच्या नावाशी ज्या गृहस्थाचा संबंध जोडला जातो, त्यास त्याचे कोकणी जातभाई सॅम्युअल म्हणत नसत. त्याचे नाव सामाजी हसाजी दिवेकर. इंग्रज कंपनीच्या फौजेतील हा बेने इस्राएल अधिकारी दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७८०-८४) टिपूच्या कैदेत सापडला आणि सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधण्याचा त्याने नवस केला, अशी त्या समाजाची परंपरा आहे. नवसाची कथा परंपरेच्या आधारे सांगितली जाते. प्रार्थनामंदिर मात्र प्रत्यक्ष आहे. ते १७९६ मध्ये उभे राहिले व १८६० मध्ये सध्याच्या जागी हलविले गेले. 'शाआर हारहामीम', म्हणजे दयेचे द्वार, हे त्याचे हिब्रू नाव. लोकांच्या तोंडी मात्र ती 'जुनी मशीद'च राहिली, कारण कोकणातील बेने इस्राएल आपल्या प्रार्थनास्थळास मशीद म्हणत. हिब्रू नाव, मराठी प्रत्यय आणि अरबी शब्द यांचा असा मेळ एका व्यक्तीभोवती जमलेला क्वचितच आढळेल.

मूळ हिब्रू नाव शेमूएल. त्याच्या अर्थाविषयी खुद्द शास्त्रग्रंथातच अडचण आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात निपुत्रिक हन्ना परमेश्वराजवळ पुत्र मागते व 'त्याला मी परमेश्वरापासून मागून घेतले' या कारणास्तव पुत्राचे नाव शेमूएल ठेवते. परंतु 'मागणे' या अर्थाचा हिब्रू धातू 'शाअल्' असून त्यापासून सरळ सिद्ध होणारे नाव शेमूएल नव्हे, शाऊल हे आहे. आणि शाऊल हे तर इस्राएलाच्या पहिल्या राजाचे नाव. त्यावरून ही जन्मकथा आरंभी शाऊलाची असावी, असे काही पंडितांनी सुचविले. ते सर्वमान्य झालेले नाही. 'देवाने ऐकले' हा लोकप्रिय अर्थ 'शामा' म्हणजे ऐकणे या धातूवरून लावतात, पण त्या धातूतील कंठ्य व्यंजन शेमूएलमध्ये नाही. भाषाशास्त्रदृष्ट्या 'शेम' म्हणजे नाव आणि 'एल' म्हणजे देव, अर्थात 'देवाचे नाव' किंवा 'ज्याचे नाव एल आहे तो', ही व्युत्पत्ती अधिक ग्राह्य ठरते. बायबलात या नावाचे धारक एकापेक्षा अधिक आहेत : संदेष्ट्याखेरीज शिमोन वंशातील अम्मीहूदाचा पुत्र आणि इस्साखार वंशातील तोलाचा पुत्र. पुढे तिसऱ्या शतकात बाबिलोनियातील नहरदेआ येथील धर्मशास्त्री शेमूएल आणि अकराव्या शतकात ग्रानाडाचा वजीर शेमूएल हानागीद यांनी हे नाव यहुदी जगात ठळक ठेवले.

कोकणात या नावाचे सामाजी झाले. यहेज्केलचे हसाजी, मोशेचे मुसाजी, दावीदचे दाऊदजी, अब्राहामचे आबाजी. रचना अस्सल मराठी आहे : नावाचा आद्य भाग ठेवावयाचा आणि त्यास 'जी' जोडावयाचा. गंमत अशी की, शेमूएल व यहेज्केल या दोन्ही नावांतील 'एल' हा देववाचक अंश या प्रक्रियेत गळाला आणि त्याची जागा माणसास मान देणाऱ्या 'जी'ने घेतली.

या रूपांचा पुरावा म्हणून उपयोग कितपत करावा, हा खरा प्रश्न होय. बेने इस्राएलांनी हिब्रू परंपरा स्वतः जतन केली, की कोचीनच्या यहुदी शिक्षकांनी ती त्यांस नव्याने दिली, हा वाद जुना आहे. आणि तो केवळ ग्रंथालयात राहिलेला नाही. १९६० नंतरच्या काही वर्षांत इस्राएलमधील धर्मपीठाने या समाजाच्या विवाहसंबंधांविषयी शंका उपस्थित केली आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचा निर्वाळा दिला, तोपर्यंत कित्येक मराठी कुटुंबांचे विवाह या प्रश्नावर अडून राहिले.

नावांच्या पुराव्यात दोन धोके आहेत. एक असा की, आबाजी हे नाव हिंदूंतही सर्रास आढळते. शिवकालातील आबाजी सोनदेव यहुदी नव्हता हे सांगावयास नको. तेव्हा आबाजी म्हणजे अब्राहाम हे समीकरण प्रत्येक वेळी सिद्ध करावे लागते, गृहीत धरता येत नाही. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. मुसाजी व दाऊदजी यांतील उच्चार हिब्रू मोशे व दावीद यांचे नसून अरबी मूसा व दाऊद यांचे आहेत. चौल, राजपुरी, जंजिरा या परिसरात मुसलमान शेजाऱ्यांची ही नावे नित्य कानी पडत. म्हणून अशा नावांवरून हिब्रू स्मृतीचा पुरातनपणा सिद्ध होत नाही.

सामाजी हसाजी ही जोडी मात्र या आक्षेपातून सुटते. कुराणात मूसा व दाऊद यांची नावे येतात. शेमूएलचा उल्लेख एक संदेष्टा एवढाच, नावाविना, येतो व नाव भाष्यकारांनी पुरविले आहे. यहेज्केलचेही नाव तेथे नाही. दख्खनी मुसलमानांत ही दोन्ही नावे रूढ नव्हती. शेजाऱ्यांकडून उचलावी, तर ती तेथे असावयास हवी होती. सामाजीतील 'स' अरबी वळणाचा असू शकेल, कारण सहाव्या शतकातील यहुदी-अरब कवीचे नाव समौअल असेच आहे. परंतु शनिवारचा सनिवार करणाऱ्या ग्रामीण मराठीतही 'श'चा 'स' होतो, त्यामुळे या एका वर्णावर भार टाकणे योग्य नव्हे. हसाजीतील आरंभीचा 'ह' मात्र लक्षणीय आहे. इराकी यहुद्यांच्या बोलीतही यहेज्केलचे 'हेस्केल' होते, म्हणजे आद्य 'य' गळून 'ह' पुढे येतो. हे रूप कोणत्याही मराठी नावावरून आलेले दिसत नाही.

कालक्रमही विचारात घ्यावा. युद्धात अधिकारी असलेला सामाजी १७६० च्या सुमारास जन्मलेला धरला, तरी त्याच्या पित्याचे नामकरण १७४० च्या आसपास किंवा तत्पूर्वीच झालेले असणार. पुत्र अधिक वयाचा असल्यास पित्याचा काळ आणखी मागे जातो. बेने इस्राएलांत सुधारणा घडविणारा डेव्हिड राहाबी कोचीनच्या राहाबी घराण्यातील डेव्हिड (जन्म १७२१) मानला, तर हसाजी हे नाव त्याच्या कार्याचे फळ ठरत नाही. १७३८ मध्ये मिशनरी सार्टोरियस याने आणि १७६८ मध्ये डेव्हिडचा पिता यहेज्केल राहाबी याने या लोकांविषयी जे लिहिले, त्यात त्यांना 'शेमा' या प्रार्थनेपलीकडे हिब्रू अवगत नाही असा आशय आहे. ग्रंथ नव्हता, लिपी नव्हती, नावे होती. अर्थात एका घराण्याच्या दोन पिढ्यांवरून दोन सहस्र वर्षांचे अनुमान काढणे हे धाडसच ठरेल. कोचीनपूर्व स्मृती अस्तित्वात होती, इतकेच त्यावरून म्हणता येते, आणि तेवढेही थोडे नाही.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. अमेरिकन मिशनच्या शाळांतून बेने इस्राएल मुले शिकू लागली, जॉन विल्सन याने १८३२ मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले, आणि मराठी बायबलाने 'शमुवेल' हे रूप छापून रूढ केले. इंग्रजी शिक्षणाबरोबर 'सॅम्युअल' आले. समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युअल केहिमकर यांच्या नावात पित्याचे नाव इंग्रजी रूपात व आडनाव कोकणातल्या गावाचे आहे.

शमुवेल हे रूप मराठवाड्यात ख्रिस्ती कुटुंबांबरोबर पोहोचले, तेथे त्याचा बेने इस्राएलांशी संबंध नाही. मात्र सामाजीने गमावलेला 'एल' या प्रदेशाच्या नकाशावर दिसतो. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्याजवळ जी ख्रिस्ती वसाहत वसविली, तिचे नाव बेथेल, म्हणजे देवाचे घर.

सामाजी स्वतः १७९७ मध्ये कोचीन येथे निवर्तला. नव्या प्रार्थनामंदिरासाठी धर्मग्रंथाची गुंडाळी मिळवावी म्हणून तो तेथे गेला होता.