वेगवान गोलंदाजाची पारख, कुमार गटातील : नांदेड आणि लातूर

पंधरा ते एकोणीस वर्षांच्या वेगवान गोलंदाजात पुढे व्यावसायिक क्रिकेट खेळण्याची कुवत आहे का, हे जोखण्याचे काम. ते जिल्हा व राज्य संघटनेचे निवडकर्ते करतात, प्रशिक्षक करतात आणि २००८ साली आयपीएल सुरू झाल्यापासून फ्रँचायझींचे निरीक्षकही करतात. अमेरिकेत बेसबॉलचे संघ शाळकरी पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, अशीच पारख करतात. तिथे १९६५ पासून दरवर्षी 'ड्राफ्ट' होतो आणि संघ आळीपाळीने खेळाडू निवडतात. भारतात त्या जागी लिलाव आहे, पण दोन्हीकडे प्रश्न एकच असतो : आज दिसणाऱ्या पोरात पाच वर्षांनी कोणता गोलंदाज असेल?

नांदेड आणि लातूर हे जिल्हे पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येतात. त्यामुळे इथल्या मुलाची वाट पुण्याहून जाते. सोळा वर्षांखालील राज्य संघ विजय मर्चंट करंडक खेळतो, एकोणीस वर्षांखालील संघ कूचबिहार करंडक आणि विनू मंकड करंडक. शालेय क्रिकेटची वाट वेगळी : तालुका, जिल्हा, लातूर विभाग, मग राज्य. या दोन वाटांवर एखाद्या मुलाला निवडकर्त्यासमोर किती षटके टाकायला मिळतात, यावर त्याचे पुढचे पुष्कळ अवलंबून असते. निवड चाचणीत नेटमध्ये दोन-तीन षटके मिळतात आणि तेवढ्यात जे दिसते ते बहुधा नुसता वेग असतो.

वेग महत्त्वाचा आहेच, कारण तो शिकवून फारसा येत नाही. मात्र आकडा सुटा वाचू नये. पंधराव्या वर्षी भरलेल्या अंगाचा मुलगा समवयस्कांना ताकदीवर बाद करतो. उंची उशिरा वाढणारा सडपातळ मुलगा त्याच सामन्यात मार खातो, आणि अठराव्या वर्षी दोघांची जागा बदललेली असू शकते. कुमार गटांची वयोमर्यादा १ सप्टेंबरला मोजली जात असल्याने सप्टेंबर-ऑक्टोबरात जन्मलेल्याला ऑगस्टात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षभराचा फायदा मिळतो. म्हणून बळींची संख्या हा या वयातला सर्वांत फसवा पुरावा मानावा.

वयाची खात्री हा मराठवाड्यात जुना विषय आहे. गावाकडच्या एका पिढीची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून अशी लिहून टाकली. आता जन्मनोंदणी सुधारली आहे, तरी सोळा वर्षांखालील गटात क्रिकेट मंडळ मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वय तपासते. ही टीडब्ल्यू-३ पद्धत वयाचा अंदाज देते, जन्मतारीख सांगत नाही. उशिरा वाढणाऱ्या मुलाची तीत अडचण होत नाही. लवकर वाढणारा, वयाने खरा असलेला मुलगा मात्र तिच्यामुळे बाहेर पडू शकतो.

शैलीचे निरीक्षण सावकाश करावे लागते. रनअपला लय आहे का, पुढचा पाय रोवला जाताना गुडघा कोसळतो का, डोके स्थिर राहते का, चेंडू सुटताना मनगट सीमच्या मागे आहे का, हे कडेला उभे राहूनही कळते. सर्वांत काळजीचा दोष म्हणजे मिश्र शैली : कंबर समोर आणि खांदे आडवे वळलेले. तिचा ताण कमरेच्या खालच्या मणक्यांवर पडतो आणि गोलंदाजी करणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. या वयात ती हाडे पुरती पक्की झालेली नसतात, म्हणून कुमार वेगवान गोलंदाजांत ही दुखापत नेहमी आढळते. मुलगा 'कंबर धरलीय' म्हणत असेल तर त्याला विश्रांती द्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे. गोळी देऊन पुढचा सामना खेळवणे हे त्याच्या भवितव्याशी खेळणे आहे. अमेरिकेत २०१४ पासून सतरा-अठरा वर्षांच्या पिचरने दिवसात १०५ पेक्षा जास्त चेंडू फेकू नयेत, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. आपल्याकडे एकाच आठवड्यात शाळा, क्लब आणि गावची टेनिस बॉल स्पर्धा खेळणाऱ्या मुलाने किती चेंडू टाकले याची बेरीज कोणी ठेवत नाही.

टेनिस बॉलचा प्रश्न निराळा आहे. नांदेड-लातूरकडची बहुतेक मुले आधी त्याच चेंडूवर हात मोकळा करतात. हलक्या चेंडूला वेग देण्यासाठी हात झटकून टाकण्याची सवय लागते. यॉर्कर मात्र पक्का होतो. लेदर बॉलवर आल्यावर सीम धरणे आणि टप्पा राखणे नव्याने शिकावे लागते. त्यातच सरावाला मॅट किंवा सिमेंटची खेळपट्टी असेल तर मिळणारी उसळी टर्फवर टिकत नाही. त्यामुळे अशा मुलाला पहिल्या चाचणीत नाकारणे घाईचे ठरते. त्याला महिनाभर लेदर बॉल देऊन, सांगितलेला बदल तो किती लवकर उचलतो, हे पाहावे. तिसऱ्या स्पेलमध्ये, उन्हात, आधी चौकार खाल्ल्यानंतर तो काय टाकतो, हेही टिपावे.

अंदाज चुकण्याची उदाहरणे अमेरिकेत भरपूर आहेत. १९६५ ते २०२५ या काळात ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडले गेलेले शाळकरी पिचर तीनच, तिघेही डावखुरे : डेव्हिड क्लाइड (१९७३), ब्रायन टेलर (१९९१) आणि ब्रेडी एकन (२०१४). क्लाइडला अठराव्या वर्षी थेट मुख्य संघात उतरवले गेले आणि त्याची कारकीर्द दुखापतींत लवकर संपली. उरलेले दोघे मेजर लीग या सर्वोच्च स्तरापर्यंत पोचलेच नाहीत.

महाराष्ट्रात उलट दाखला झहीर खानचा. श्रीरामपूरचा हा मुलगा सतरा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला मुंबईला आणले. तिथे सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्लबात तो तयार झाला. टी. ए. शेखर यांनी त्याला चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये नेले. रणजी पदार्पण मात्र मुंबईकडून नव्हे, बडोद्याकडून झाले. पुढे ९२ कसोटींत ३११ बळी घेतलेला हा गोलंदाज कुमार वयात वेळ मिळाल्यामुळेच हाती लागला.

लातूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ चा एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. विश्वचषक संपला त्याच महिन्यातल्या आयपीएल लिलावात ३० लाख मूळ किमतीवरून चेन्नई सुपर किंग्जने त्याला दीड कोटीला घेतले. ३१ मार्च २०२३ रोजी आयपीएल पदार्पणात त्याने ३६ धावांत ३ बळी मिळवले. त्यानंतर संधी मोजक्याच मिळाल्या. लिलावातील बोली ही एका संघाची त्या दिवसाची गरजही असते, हे अशा मुलांच्या घरच्यांना कोणीतरी आधीच समजावून सांगायला हवे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमुळे फ्रँचायझींच्या निरीक्षकांना राज्यातले गोलंदाज एका जागी पाहता येतात, पण पहिल्या मोसमाच्या सहा संघांत नांदेड किंवा लातूरच्या नावाचा संघ नव्हता.

या दोन शहरांची खरी अडचण अकरावी-बारावीत येते. 'लातूर पॅटर्न' आणि नीटच्या शिकवण्यांसाठी मुले बाहेरगावाहून इथे येतात. इथल्या मुलांचाही दिवस त्यांतच जातो. गोलंदाजाची पारख करण्याचा आणि त्याचे शरीर घडण्याचा काळही नेमका हाच. दोन वर्षे मैदान सुटलेला मुलगा एकोणीस वर्षांखालील चाचण्यांत दिसतच नाही. तो पुन्हा खेळू लागतो ते महाविद्यालयाच्या संघातून. म्हणून राज्याच्या निवडकर्त्यांनी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे आंतरमहाविद्यालयीन सामने पाहायला यावे. त्या वयाच्या गोलंदाजासाठी तेवीस वर्षांखालील सी. के. नायडू करंडकाची वाट अजून खुली असते.