वेठ आणि तिचें ग्रीक भावंड

हिरोडोटसानें आपल्या इतिहासाच्या आठव्या पुस्तकांत इराणी बादशहाच्या घोडेस्वार जासुदांचें वर्णन केलें आहे. इ. स. पूर्व ४८० मधील सालामिसच्या पराभवाची वार्ता ह्याच डाकेनें सूसास पोहोंचली. ह्या व्यवस्थेच्या इराणी नांवावरून ग्रीकांत पुढें 'अंगारेउओ' हें क्रियापद रूढ झालें. त्याचा अर्थ, माणसास किंवा जनावरास सक्तीनें कामास जुंपणें. ख्रिस्ताचा क्रूस वाहण्यास कुरेनेकर शिमोनास धरलें, तेथें मत्तयानें हेंच क्रियापद योजिलें आहे. मराठी भाषांतरकारांस ह्यासाठीं नवा शब्द घडवावा लागला नाहीं. 'वेठीस धरणें' आमच्या घरांत होतेंच.

वेठ ही संस्कृत 'विष्टी'ची लेक. इ. स. १५० च्या सुमारास रुद्रदामन् क्षत्रप गिरनारच्या लेखांत अभिमानानें सांगतो कीं, सुदर्शन तलावाचा बांध त्यानें प्रजेवर विष्टि न लादतां दुरुस्त केला. वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गांवास सर्व विष्टींची माफी आहे. माफी इतक्या अगत्यानें लिहावी लागे, ह्यावरूनच ती किती सार्वत्रिक होती हें उघड आहे.

कर्जत व खालापूर हे तालुके तर घाटाच्या पायथ्याचे. १८३० सालीं माल्कमसाहेबाच्या अमदानींत बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला. तत्पूर्वीं वर चढणारें ओझें एकतर बैलाच्या पाठीवर, नाहींतर माणसाच्या डोकीवर. २ फेब्रुवारी १६६१ रोजीं शिवाजीमहाराजांनीं उंबरखिंडींत कारतलबखानास कोंडलें, ती लढाई आम्ही सर्वजण रंगवून सांगतों. पण खानाचे तंबू-भांडीं त्या रानांतून कोणीं वाहिलीं, हा प्रश्न आमच्या इतिहासकारांस सहसा सुचत नाहीं.

भाषेनें मात्र एक साक्ष ठेविली आहे. आजच्या ग्रीकांत 'अंगारिया' म्हणजे नकोसें, लादलेलें काम. आमच्याकडे 'वेठ वारणें' म्हणजे काम कसेंबसें उरकणें. ग्रीक शब्दांत राबणाराचा वैताग उरला. मराठींत राबविणाराची तक्रार! बिनमजुरीचें काम मन लावून कोण करील, हें आमच्या वाक्प्रचारास सुचलें नाहीं.

१९५० च्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानें बेगारीस मनाई केली. इंग्रजी पाठांतही 'बेगार' हाच शब्द ठेविला आहे. १९७६ सालीं वेठबिगारी रद्द करणारा कायदा झाला. तरीही पावसाळा सरतांच ह्या तालुक्यांतील कातकरी कुटुंबें उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, आणि ती उचल फिटेपर्यंत त्यांचे हातपाय मालकाचे असतात. तिला वेठ म्हणत नाहींत; अंगावर घेतलेले पैसे म्हणतात.