लुटुपुटूचा खटला, खरी भाषा

वकील, अदालत, दावा, फिर्याद, कैफियत. हे शब्द आपण मराठी म्हणून वापरतो आणि ते मराठीच आहेत; फक्त त्यांचे आजोळ अरबी-फारसीत आहे. त्यातलाच एक जुना शब्द 'महजर'. शिवकाळात आणि पेशवाईत गोतसभा भरे, वतनाचा तंटा दोन्ही बाजूंनी ऐकला जाई आणि निवाड्याचा जो कागद होई, त्याला महजर म्हणत. 'हजर' आणि 'महजर' ही एकाच धातूची लेकरे. माणसे समोरासमोर हजर झाल्याशिवाय निवाडा नाही, हे त्या शब्दातच आले.

गंमत म्हणजे इंग्रजीतला 'मूट' हा शब्दही असाच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सभा, लोकांचे एकत्र येणे. आज कायद्याच्या कॉलेजात 'मूट कोर्ट' भरते, त्याला मराठीत अभिरूप न्यायालय म्हणतात. खटला काल्पनिक, अशील काल्पनिक, युक्तिवाद मात्र खरा.

ही प्रथा लंडनची. तिथे लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेम्पल आणि मिडल टेम्पल या वकिलांच्या चार जुन्या संस्था. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये त्या काळी रोमन आणि धर्मपीठाचा कायदा शिकवत. देशाचा चालू कायदा शिकायचा तर या संस्थांत. पंधराव्या-सोळाव्या शतकात तिथे जेवणे आटोपली की दालनात मूट भरे. ज्येष्ठ वकील न्यायाधीश होत, विद्यार्थी बाजू मांडत. 1642मध्ये यादवी युद्ध पेटले आणि ही शिकवणी मोडली.

पण हे विद्यार्थी वाद घालत कोणत्या भाषेत? इंग्रजीत नव्हे, तर मोडक्यातोडक्या, कायदेशीर फ्रेंचमध्ये! नॉर्मन राजांची ती उरलेली खूण. लोकांना फ्रेंच कळत नाही म्हणून कोर्टात इंग्रजीत बोलावे, असा कायदा 1362मध्ये झाला. आणि तो लिहिला गेला फ्रेंचमध्येच. इंग्लंडच्या कोर्टाचे कागद पूर्णपणे इंग्रजीत यायला 1731चा कायदा लागला. म्हणजे इंग्रज माणसालाही आपल्या भाषेतला न्याय मिळायला शतके वाट पाहावी लागली.

या संस्थांचे दार सगळ्यांना उघडेही नव्हते. नाशिकला 1866मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, ऑक्सफर्डला गेल्या आणि 1892मध्ये कायद्याची परीक्षा त्यांनी दिली. पण बाई म्हणून पदवी नाही आणि वकिलीही नाही. 1919मध्ये इंग्लंडचा कायदा बदलला तेव्हा कुठे स्त्रियांना बॅरिस्टर होता आले. बुद्धी होती, उभे राहायला जागा नव्हती.

विसाव्या शतकात मूटला नवे दिवस आले ते अमेरिकेत. 1960मध्ये हार्वर्डला आंतरराष्ट्रीय कायद्यावरची एक स्पर्धा सुरू झाली. तीच पुढे न्यायाधीश फिलिप जेसप यांच्या नावाने जगभर गाजली. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलच्या मुलांनी 1999मध्ये आणि पुन्हा 2013मध्ये ही स्पर्धा जिंकली.

या स्पर्धेतला मला सर्वांत आवडणारा नियम असा, की प्रत्येक संघाला दोन्ही बाजू लिहाव्या आणि मांडाव्या लागतात. आज अर्जदार देश, उद्या प्रतिवादी देश. काल जे मुद्दे खोडून काढले, तेच आज जीव तोडून मांडायचे. मी वकील नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण दुसऱ्याच्या तोंडून बोलून पाहणे म्हणजे काय, हे कवीला कळते. आपल्या गल्लीतल्या, सभेतल्या, टीव्हीवरच्या भांडणांना हा एक नियम लावला, तर किती आवाज खाली येतील!

बार कौन्सिलच्या 2008च्या नियमांनी मूट कोर्ट अभ्यासक्रमाच्या गुणांतही आणले आहे. मात्र मोठ्या स्पर्धा बहुतेक इंग्रजीतच होतात. त्याला कारणही आहे : घटनेच्या 348व्या कलमानुसार सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयातही इंग्रजीतच कामकाज चालते. पण महाराष्ट्रातल्या खालच्या कोर्टांसाठी 1998मध्ये मराठी ठरवण्यात आली. तालुक्याच्या कोर्टात बांधाचा दावा घेऊन आलेला शेतकरी किंवा पोटगी मागणारी बाई मराठीतच बोलते. तिथे उभा राहणारा तरुण वकील कॉलेजात मराठीतून एकदाही युक्तिवाद न करता आला असेल, तर त्याची तालीम अर्धीच झाली. आणि मराठीतून शिकलेली हुशार मुलगी इंग्रजीच्या भीतीने मूटच्या मंचावर चढतच नसेल, तर ते कॉर्नेलियाबाईंच्या वेळचेच बंद दार आहे. कुलूप तेवढे बदलले.

इंग्रजी सोडा असे मी म्हणत नाही. वरच्या कोर्टात तिच्याविना चालत नाही. पण प्रत्येक लॉ कॉलेजाने वर्षातून निदान एक मूट मराठीत भरवावे. खटला तालुक्याच्या कोर्टातला असावा आणि प्रत्येक मुलाने दोन्ही बाजू मांडाव्यात. महजर शब्द असलेल्या भाषेला हे काम नवे नाही.