आईची सही आणि मुलाचें अन्न

नवराबायकोचें पटेनासें झालें म्हणजे चार भल्या माणसांनीं मध्यें पडावें, कागद व्हावा, आणि 'माझी अथवा माझ्या मुलाची अन्नवस्त्राबद्दल कांहींएक मागणी उरली नाहीं' असें बायकोनें लिहून द्यावें, हा प्रकार आपल्या समाजांत अपूर्व नाहीं. तें वाक्य ती कां लिहून देते, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं. मुलावर पहिला हक्क बापाचा, ही समजूत हिंदु कुटुंबांत खोल रुजलेली. १९५६ च्या अज्ञान व पालकत्व कायद्यानेंहि नैसर्गिक पालक म्हणून आधीं बाप आणि त्याच्यामागून आई असाच क्रम लावला. तेव्हां मूल आपणांपाशीं राहावें एवढ्यासाठीं आई पैशावर पाणी सोडते. मुलाची किंमत ती मुलाच्याच अन्नांतून चुकती करते, असें म्हटलें तरी चालेल.

पुढें मूल शाळेंत जाऊं लागतें, आजारी पडतें, आईची मिळकत पुरत नाहीं, आणि ती न्यायालयाची पायरी चढते. बाप तो कागद पुढें करतो. अशा वेळीं न्यायाधीशानें काय करावें?

याचें उत्तर आपल्याकडे एका अनपेक्षित ठिकाणीं, फौजदारी कायद्यांत, सांपडतें. ऐपत असून बायकामुलांस न पोसणाऱ्या मनुष्याकडून दरमहा रक्कम घेण्याचा अधिकार १८६१ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यानें मॅजिस्ट्रेटास दिला. हेतु कांहीं फार कोमल नव्हता. १८७२ च्या कायद्याचे कर्ते फिट्झजेम्स स्टीफन यांच्या मतें हा भटकेपणा व त्याचे परिणाम टाळण्याचा एक उपाय होता. पण या रुक्ष हेतूमुळेंच कीं काय, कायद्याची दृष्टि स्वच्छ राहिली. १८९८ च्या कायद्याचें ४८८ वें कलम वाचकांनीं मुद्दाम पाहावें. नवराबायको परस्परांच्या संमतीनें वेगळीं राहत असतील तर बायकोस पोटगी नाहीं, असें तेथें साफ म्हटलें आहे. मुलाविषयीं तशी अट एका शब्दानेंहि नाहीं. संमति दोघांची, तिसऱ्याला कोणीं विचारलें होतें? १९७३ च्या कायद्याच्या १२५ व्या आणि २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमांत हाच भेद कायम आहे.

इंग्लंडांत कागदाचा प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. हायमन दांपत्याच्या फारकतीच्या करारांत नवऱ्यानें दोन ठोक रकमा व आठवड्यास वीस पौंड देण्याचें कबूल केलें होतें, आणि याहून अधिक मागण्यास आपण न्यायालयांत जाणार नाहीं असें बायकोनें लिहून दिलें होतें. १९२३ च्या कायद्यानें केवळ व्यभिचाराच्या कारणावर पत्नीस घटस्फोट मिळूं लागला. तो मिळवून तिनें पोटगी मागितली. १९२९ सालीं लॉर्डांनीं ठरविलें, कीं अशा करारानें न्यायालयाचा अधिकार नाहींसा होत नाहीं, कारण त्यांत केवळ तिचें नव्हे, समाजाचेंहि हित गुंतलेलें आहे. तो प्रश्न बायकोपुरता होता. पण सज्ञान स्त्रीनें स्वतःविषयीं दिलेलें वचनहि जर न्यायालयाचे हात बांधीत नाहीं, तर बोलतांहि न येणाऱ्या मुलाविषयीं दिलेलें कसें बांधील? तेथील १९९१ च्या चाइल्ड सपोर्ट ॲक्टानें तर मुलाच्या पोटगीसाठीं अर्ज करण्याचा हक्क आंखडणारी करारांतील अट निरर्थकच ठरविली.

बापाची बाजू अगदींच पोकळ असते असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें घर लिहून दिलें असेल, एकरकमी पैसे मोजले असतील. आंकडा ठरवितांना तें जरूर धरावें. हिंदु दत्तक व पोटगी कायदा, १९५६, याच्या २५ व्या कलमाप्रमाणें करारानें ठरलेली रक्कमहि परिस्थिति पालटल्यास बदलतां येते. मात्र आंकडा कमी करणें निराळें आणि मुलाला दारांतूनच परत लावणें निराळें.

आम्हांस खरी खंत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मुलाचा हक्क बुडत नाहीं, वर्षें बुडतात. या कलमाखालीं पोटगी मिळते ती हुकुमाच्या किंवा अर्जाच्या तारखेपासून. २०२० सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें अर्जाचीच तारीख धरावी असें ठरलें, हें चांगलें झालें. पण त्याच्या मागें जातां येत नाहीं. रकमेची मर्यादा आधीं दरमहा पन्नास, मग शंभर, १९५५ पासून पांचशें रुपये होती, ती २००१ सालीं उठली. तारखेची मर्यादा उठली नाहीं. त्या कागदावर भरंवसून जी आई सात वर्षें गप्प बसली, तिनें शिवणकाम करकरून भरलेली त्या सात वर्षांची फी मॅजिस्ट्रेटाच्या कोर्टांत तिला कोणी परत देत नाहीं.