नाताळच्या तयारीत चर्चमध्ये तुरुंगातली गोष्ट का वाचतात?

डिसेंबर उजाडला की बाजारात तारे, केक आणि सांताच्या टोप्या दिसू लागतात. चर्चमध्ये मात्र बाळ येशूची गोष्ट लगेच सुरू होत नाही. नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाला आगमनकाळ म्हणतात. त्यातल्या पहिल्या रविवारी वाचतात ते जगाच्या शेवटाबद्दल: प्रभू कधी येईल सांगता येत नाही, जागे राहा.

कोणत्या दिवशी काय वाचायचं, हे तिथले फादर ठरवत नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र आखलं. एका वर्षी मुख्यतः मत्तयचं शुभवर्तमान, मग मार्कचं, मग लूकचं. त्यामुळे रोममध्ये वाचतात तोच उतारा वसईत मराठीतून आणि गोव्यात कोकणीतून ऐकू येतो. अनेक प्रोटेस्टंट चर्चमध्येही साधारण याच धर्तीची वाचनं असतात.

यातलं मत्तयचं वर्ष जरा वेगळं आहे. २०२२ आणि २०२५ च्या आगमनकाळात ते सुरू झालं, पुढचं २०२८ मध्ये येईल.

या वर्षी दुसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान भेटतो. उंटाच्या केसांचं वस्त्र, खायला टोळ आणि रानमध, आणि बोलणं एकदम कडक. पश्चात्ताप करा, येणारा येतोय, असं तो ठणकावून सांगतो.

तिसऱ्या रविवारी हाच योहान तुरुंगात असतो. हेरोद अंतिपाने भावाच्या बायकोशी केलेलं लग्न चुकीचं आहे, असं त्याने तोंडावर सांगितलेलं असतं. कोठडीतून तो शिष्यांकरवी येशूला विचारतो, जो येणार होता तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहू?

ज्याने आयुष्यभर खात्रीने सांगितलं, त्यालाच आता शंका येते. आणि परंपरेने हा रविवार आनंदाचा! जांभळ्याऐवजी गुलाबी मेणबत्ती लावतात ती याच दिवशी.

येशू 'हो' किंवा 'नाही' म्हणत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना शुभवार्ता मिळते, हे योहानाला जाऊन सांगा, एवढंच म्हणतो. हे शब्द यशया संदेष्ट्याची आठवण करून देतात, आणि त्या दिवशीचं पहिलं वाचनही यशयाचंच असतं. पण यशयाच्या दुसऱ्या एका उताऱ्यात बंदिवानांच्या सुटकेचंही वचन आहे. ते या उत्तरात नाही. कोठडीत बसलेल्या माणसाला ही गाळलेली जागा नक्कीच जाणवली असणार. योहान सुटत नाही. पुढे हेरोद त्याचा शिरच्छेद करवतो.

चौथ्या रविवारी योसेफाचं स्वप्न येतं. त्याआधीच, १७ डिसेंबरला, रोजच्या वाचनांचा रोख जन्माकडे वळतो. त्या दिवशी वाचतात येशूची वंशावळ, म्हणजे अब्राहामापासूनच्या नावांची लांबलचक यादी. वाचणाऱ्याची जीभ अडखळते ती इथे.