कचऱ्याच्या पिशवीचा इतिहास

सोयीची उपमा कधी कधी वाट अडवून बसते. एक्सोसोमच्या बाबतीत तेच झाले.

१९८३ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात बिन-ताओ पान आणि रोझ जॉनस्टोन मेंढीच्या कोवळ्या तांबड्या रक्तपेशींचा अभ्यास करत होते. ही पेशी पक्व होताना लोह आत घेणारे एक प्रथिन तिच्या पृष्ठभागावरून नाहीसे होते. ते जाते कुठे? पेशी ते आतच पचवून टाकत असावी, असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात ते सापडले पेशीबाहेर, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या पुटिकांवर. सेंट लुईसच्या हार्डिंग, ह्यूझर आणि स्टाल यांनाही त्याच वर्षी तोच मार्ग दिसला. १९८७ मध्ये जॉनस्टोन यांनी या पुटिकांसाठी ‘एक्सोसोम’ हे नाव रूढ केले. नको झालेले बाहेर टाकणाऱ्या त्या कचऱ्याच्या पिशव्या, अशी समजूत झाली आणि बराच काळ फारसे कोणी त्यांच्याकडे वळले नाही.

पण आपला कचरा शेजाऱ्याच्या दारात पडला तर? २००४ मध्ये, ‘मॅड काऊ’ रोगाची धास्ती ताजी असताना, प्रयोगशाळेतल्या पेशी प्रायॉन हे विकृत प्रथिन एक्सोसोमांतून बाहेर सोडतात आणि ते संसर्गक्षम असते, असे दिसले. दोन वर्षांनी जर्मनीत राजेंद्रन आणि सायमन्स यांच्या गटाला अल्झायमरमधले बीटा-अमायलॉइड याच पुटिकांसोबत आढळले. प्रमाण अत्यल्प, पण रुग्णांच्या मेंदूतल्या साक्यांत एक्सोसोमची प्रथिनेही साचलेली होती. २०१५ मध्ये उंदरांत एक्सोसोमनिर्मिती रोखल्यावर टाऊ प्रथिनाचा मेंदूतला फैलाव थोपला. माणसाबाबत एवढ्या ठामपणे बोलता येत नाही. २००८ मध्ये पार्किन्सनच्या काही रुग्णांच्या मेंदूत दशकाहून अधिक काळापूर्वी रोपलेल्या निरोगी चेतापेशींतही त्या रोगाच्या गाठी दिसल्या. रोग पेशीतून पेशीत जातो, असा संशय त्याने बळावला. वाहक कोण, हे मात्र त्यातून कळले नाही.

गंमत म्हणजे जुनी उपमा अगदीच खोटी नव्हती. २०१२ च्या जपानी प्रयोगांत चेतापेशींचे एक्सोसोम अमायलॉइडला धरून मेंदूतल्या सफाई पेशींकडे पोचवताना दिसले. म्हणजे त्यांना सरसकट अडवणे हा उपचार ठरेलच, असे नाही.

रक्ताच्या थेंबातून स्मृतिभ्रंश आधीच ओळखण्याच्या आशेची गोष्टही अशीच अडखळली. मेंदूतून आलेले एक्सोसोम रक्तात वेचण्यासाठी अनेक प्रयोगशाळांनी एल-वन-कॅम या प्रथिनाचा गळ वापरला. २०२१ मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड वॉल्ट यांच्या गटाने दाखवले, की रक्तात आणि मेंदूजलात हे प्रथिन पुटिकांवर नसते, सुटे तरंगत असते. त्या गळाला आजवर काय लागत होते, ते आता पुन्हा तपासावे लागत आहे.